नायलॉनचे पांढरे हातमोजे

१

सकाळी साडेपाचला उठायचं, पिंप भरायचं, बादल्या भरायच्या, मग आंघोळ, मग चहा. भाईंदर पश्चिमेला राहायला येऊन मला बारा वर्षं झाली होती आणि या क्रमात कधी बदल झाला नव्हता, कारण तो माझ्या हातातच नव्हता. साडेनऊच्या ठोक्याला आमचा वॉचमन गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मग संध्याकाळी सहापर्यंत नळ सोडला तर नुसती हवा. मी एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. लग्न केलं नाही. एकटी बाई, त्यातून क्लार्क, म्हणजे घरातली कोणती वस्तू किती दिवस पुरते हे मला तोंडपाठ. आंघोळीचा साबण पंचवीस दिवस पुरतो.

२००७ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी साबणदाणीतली वडी उचलली, तर तिच्या मधोमध एक खाच होती. बारीक दोरी गुंडाळून जोरात ओढावी तशी, चारी बाजूंनी सलग.

मला आधी राग आला. राग आला की मला बरं वाटतं, डोकं चालायला लागतं. साबणदाणीत मधे प्लास्टिकची उभी पट्टी होती, तिचाच वळ उठला असणार. पण पट्टी खालच्या बाजूला; वरची खाच कुठून आली? ती वडी टाकून दिली. केबिन रोडवरून नवी साबणदाणी आणली, बिनपट्टीची, झाकणाची. तिसऱ्या दिवशी नव्याकोऱ्या वडीवर त्याच जागी तीच खाच. उंदीर म्हणावा, तर उंदीर कुरतडतो.

त्या दिवशी मी साबण न लावताच आंघोळ केली. चार तांबे जास्त ओतले, तरी हात बुळबुळीतच लागत होते. ऑफिसात दाखल्यांवर सह्या करतानासुद्धा मी ते दहादा पदराला पुसले.

२

शेजारच्या शुभदाताई गिरगावची चाळ सोडून इथे आलेल्या. त्यांचं आणि माझं बाथरूम एकाच डक्टला लागून, दोघींच्या जाळीच्या खिडक्या त्याच डक्टमध्ये उघडतात. त्यांच्याकडे नहाणाच्या दिवशी शिकेकाई उकळली की मला कळतं आणि मी फरशी घासायला घेतली की त्यांना कळतं. तेवढं एकमेकींचं आम्ही चालवून घेतो.

एका संध्याकाळी त्या दारात आल्या. हातात वाटी होती, पण वाटी निमित्ताला.

"रेचल, तुझ्याकडे कोणी पाहुणं आलंय का गं?"

"नाही. का हो?"

"दुपारी तुझ्या बाथरूममध्ये नळ चालू असतो. अकराला सुरू होतो तो दीडपर्यंत. बारीक धार, प्लास्टिकच्या बादलीत पडते तशी. आम्ही इथे तांब्या मोजून पाणी वापरतोय, म्हणून म्हटलं विचारावं."

"अकराला नळाला पाणी नसतं, शुभदाताई."

"तेच तर म्हणतेय मी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एखादं म्हातारं माणूस सांभाळायला घेतलंयस आणि सांगायला लाजतेयस."

मी हसले. वाटी घेतली, आत साखरभात होता, छान झालाय म्हटलं. दार लावलं आणि तिथेच खाली बसले. अकरा ते दीड. ही वेळ जगात फक्त मला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी आत्माराम प्लंबरला बोलावलं. त्याने नळ खोलला, वायसर बघितला, पुन्हा बसवला. "मॅडम, नळ एकदम ओके आहे. तुम्हाला भास होतोय," म्हणाला. त्या शब्दाचा मला इतका आधार वाटला की मी त्याला थांबवून चहा पाजला.

३

आता सांगून टाकते. इतकी वर्षं नाही सांगितलं, त्याने काही भलं झालेलं नाही.

माझी आई व्हेरा, उत्तनची. आम्ही तिला आय म्हणायचो. उभा जन्म मासळीत गेला. अंगाने जाडजूड, नव्वद किलोच्या घरात. आवाजही तसाच, अर्ध्या गावाला ऐकू जाणारा. सत्तरी उलटली आणि तिला विसरायला व्हायला लागलं. माझा धाकटा भाऊ ज्युलियस उत्तनलाच असतो, बर्फाच्या कारखान्यात टेम्पो चालवतो. त्याच्या बायकोचं आणि आयचं पटायचं नाही, म्हणून आय माझ्याकडे आली. सांभाळायला एक बाई होती, पण आंघोळ मात्र मीच घालायची. बाईच्या हाताने ती घालून घ्यायची नाही.

आंघोळ म्हणजे रोजची लढाई. अंगाला साबण लागलेला असताना ती मधेच उठायची. "नाव लागली, मना जाव दे." दोनदा घसरून पडली. नव्वद किलोचं ओलं माणूस एकटीने उचलून बघा. मग मी एक युक्ती काढली. तिला स्टुलावर बसवायचं आणि डावं मनगट नायलॉनच्या दोरीने नळाच्या पाइपाला बांधायचं. आधी मनगटाला रुमाल गुंडाळायचा, म्हणजे काचत नाही. तोंडाने बोलत राहायचं. पंधरा मिनिटांत आंघोळ उरकायची.

२००४ चा जुलै. बाई आली नव्हती, म्हणून मी रजा टाकली होती. रुमाल धुवायला पडला होता, म्हणून त्या दिवशी दोरी तशीच बांधली. साबण लावून होतो न होतो तोच शाळेतून फोन आला. तपासणीला साहेब आलेत, कपाटाच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत. शाळा पाच मिनिटांवर. तिला सोडवून, पुसून, कपडे घालून निजवायचं म्हणजे वीस मिनिटं. पावसाळ्यात दिवसभर पाणी असायचं. मी बादलीत बारीक धार सोडली, तिला पाण्यात हात घालायला आवडायचं. "दहा मिनिटांत आले हां, आय," म्हटलं आणि बाहेरून कुलूप लावलं. अकरा वाजले होते.

साहेबांनी बसवून घेतलं. एक फाइल, दुसरी फाइल. मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं. दर मिनिटाला आठवत होतं, पण "घरी आईला बांधून आलेय" हे तोंडातून निघेना. चहा आला. बटाटेवडे आले. मी एक वडा खाल्ला.

दीड वाजता परत आले, तेव्हा धार चालू होती, बादली वाहत होती आणि आय भिंतीला टेकली होती. हात दोरीला लोंबत होता.

४

मी तिला सोडवलं, ओढत पलंगावर नेलं, कोरडं केलं, गाऊन घातला. मग डॉक्टरांना फोन केला, मग ज्युलियसला. सकाळी आंघोळ घातली, झोपली, ती उठलीच नाही, असं दोघांना सांगितलं. तिचं हृदय आधीपासून कमजोर होतं. डॉक्टरांनी तेच लिहिलं.

मनगटावर लाल वळ होता. फार नाही, पण होता.

आमच्यात मेलेल्या बाईला नटवून पुरतात. मी धावत जाऊन केबिन रोडवरून पांढरा नायलॉनचा गाऊन आणला, पांढरे स्टॉकिंग्ज आणि मनगटाला इलॅस्टिक असलेले पांढरे नायलॉनचे हातमोजे. आय आयुष्यभर सुती लुगड्यात राहिली. बायका म्हणाल्या, पोरीने आईला मडमेसारखं सजवलं. उजव्या मुठीत रोझरी दिली.

उत्तनच्या सिमेट्रीत खड्ड्यात गुडघाभर पाणी. पंपाने उपसलं तरी बाजूने झिरपत होतं. ते बघून मला काय झालं कोण जाणे. अडीच तास ती ओली बसली होती, आता पुन्हा पाण्यात? मी हट्टच धरला. ज्युलियसने नावेवर घालायचा प्लास्टिकचा जाड ताव आणला आणि पेटी उघडून आम्ही आयला त्यात नीट गुंडाळलं. "बायने आयची लय सेवा केली," तो सगळ्यांना रडत सांगत होता. पुढे दर वर्षी चर्चमधल्या तिच्या प्रार्थनेला, मिस्साला, तो तेच सांगायचा आणि मी मान खाली घालायची. लोकांना ते नम्रपण वाटायचं.

शुभदाताई आल्या होत्या. परतताना माझा हात धरून म्हणाल्या, "मावशी सकाळी किती वेळ हाका मारत होत्या गं. मला वाटलं, तू आहेस आत."

"होते ना," मी म्हटलं. "मी आतच होते."

५

आमच्या गावच्या सिमेट्रीत जागा थोडी. म्हणून तिसऱ्या वर्षी, पावसाळ्याआधी, कबर उघडतात, हाडं काढून पिशवीत घालतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून वर नावाची पाटी लावतात. कबर पुढच्या माणसाला मिळते. आमच्यातला एक नियमच आहे म्हणा ना.

त्या तीन वर्षांवर मी जगत होते. शिक्षा झालेला माणूस सुटायची तारीख बघतो, तशी मी बघत होते. हाडांना वळ नसतो. एकदा हाडं कोनाड्यात गेली की माझ्या अपराधाचा शेवटचा कागद फाटला. ज्युलियसला कधी कळणार नाही. माझं म्हणावं असं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं आणि ते मला गमवायचं नव्हतं. मी पांढऱ्या मांजरपाटाची पिशवीसुद्धा शिवून ठेवली होती, हाताने, दुहेरी टीप घालून.

त्या एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी उत्तनला मिस्साला गेले होते. शेवटी फादरांनी सूचना वाचली. यापुढे मयताला फक्त सुती कपडे घाला. नायलॉन नको, स्टॉकिंग्ज नकोत, मोजे नकोत, प्लास्टिक तर मुळीच नको. अशी प्रेतं मातीत जिरत नाहीत, कबरी अडून राहतात, हात जोडून विनंती आहे.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकेक वस्तू त्यांनी नाव घेऊन सांगितली. जणू आयच्या पेटीत बघून यादी केली होती.

बाहेर पायऱ्यांवर ज्युलियस भेटला. "बाय, आपली तारीख आली. बारा मे, सकाळी आठ वाजता. तू येतेस ना?"

"येते की," मी म्हटलं.

६

मे महिना लागला, शाळेला सुट्टी, ऑफिस मात्र चालू. साबणावरची खाच रोज असायची. मी आता बघायची नाही. डोळे मिटून हात लावायची आणि वास आला की धुऊन टाकायची. खवट वास होता तो, हाताला चिकटून राहायचा.

एका मंगळवारी मी पावणेअकराला ऑफिसातून निघाले. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. शुभदाताई मुलीकडे गेल्या होत्या, त्यांच्या दाराला कुलूप होतं. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. मी किल्ली काढून हातात धरली आणि माझ्या दाराला कान लावला.

काही नाही. पंखा बंद, घड्याळाची टिकटिक. मला हसू यायला लागलं.

मग नळ सुटला.

आधी हवेची फुसफुस, मग बारीक धार. रिकाम्या बादलीत पाणी पडताना आवाज पोकळ येतो आणि भरत जाईल तसा तो जड होतो. तो तसाच जड होत गेला. मी मनाला समजावत होते. कोणाच्या तरी वरच्या घरातला नळ असेल. पाइपातून आवाज फिरतो, चार मजले फिरतो. वॉचमनने आज व्हॉल्व्ह उघडा ठेवला असेल. तेवढ्यात स्टूल सरकलं. प्लास्टिकचे चार पाय ओल्या फरशीवर सरकल्याचा आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. एक पाय जरा वाकडा होता, तो शेवटी टक् करायचा. त्याने टक् केलं.

त्या स्टुलाची मी तीन वर्षांपूर्वी भंगारात विल्हेवाट लावली होती.

किल्ली कुलपात घालायची होती, एवढंच. दोन पावलं टाकून बाथरूमचं दार उघडायचं होतं. मला ते जमलं नाही. मी दाराबाहेर उभी राहिले, हातात किल्ली घट्ट धरून, आणि आत स्टूल सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. कोणीतरी उठायला बघत होतं आणि त्याला उठता येत नव्हतं. बादली भरून वाहायला लागली, तेही ऐकू आलं. दीड वाजता सगळं एकदम थांबलं.

तेव्हा मी दार उघडलं का? नाही. मी जिना उतरले, परत ऑफिसात गेले आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. दुसऱ्यांदा तिला आत ठेवून मी निघून गेले होते. भीती होतीच, पण लाज भीतीपेक्षा मोठी होती.

संध्याकाळी बाथरूम कोरडं होतं. साबण तेवढा ओला होता.

७

बारा मेला सकाळी आठ वाजता पास्कूने माती काढायला घेतली. पास्कू आमच्या सिमेट्रीतला कबर खणणारा, साठीचा, चिवट माणूस. वर ऊन रणरणत होतं, पण चार फुटांखाली माती काळी आणि ओली लागली. ज्युलियस कडेला उभा होता. मी मांजरपाटाची पिशवी छातीशी धरून होते.

पेटीचं झाकण पास्कूच्या हातात पावासारखं तुटलं. खाली प्लास्टिक. ते जसंच्या तसं होतं, ज्युलियसने बांधलेल्या गाठींसकट. फुगलेलं होतं, कारण आत पाणी होतं. पाणी बाहेर ठेवायला घातलेल्या प्लास्टिकने ते तीन वर्षं आत धरून ठेवलं होतं.

पास्कूने कोयत्याने चीर दिली. पाणी वाहिलं, पांढुरकं, आणि त्यावर फेस होता. वास वर आला. सडल्याचा नव्हे. खवट, नाकात झोंबणारा. मला तो ओळखीचा होता.

"बाय, पिशवी ऱ्हाव दे," पास्कू खालून म्हणाला. "आय गेली न्हाय."

ज्युलियस तोंड फिरवून भिंतीकडे गेला. मी वाकून पाहिलं.

गाल होते. हनुवटीखालची वळी होती. गाऊन अंगाला चिकटला होता आणि त्याच्या आत सगळं अंग भरलेलं होतं, पिवळट पांढरं, घट्ट.

"जाड होती ना आय? पानी साचला का चरबीचा साबन होते," पास्कू म्हणाला. त्याने हे अनेकदा पाहिलं असावं, आवाजात काही नव्हतं. "त्यावर ही नायलानची कापडां. ती काढाया लागतील, न्हायतर धा वर्सां अशीच ऱ्हाल. बाईमानूस हाय, घरच्या बाईनेच काढावी. कातर हाय माझ्याकडं."

घरची बाई मीच होते. शिडीवरून मी खाली उतरले.

आधी स्टॉकिंग्ज कापले, मग गाऊन. पास्कू पाठ करून प्लास्टिक गोळा करत होता. तिला हात लावताना मला किळस आली नाही, याचंच मला नवल वाटलं. रोज घासलेलं अंग ते. खांद्यावरचा तीळ जागेवर होता. मी नकळत बोलायला लागले, आंघोळ घालताना बोलायची तसं. झालं हां, झालंच, एक हात राहिला.

उजवा हातमोजा निघाला. मनगट गुळगुळीत होतं, तळव्यावर रोझरीचे मणी उमटले होते. मग डावा.

मी मोजा चढवला तेव्हा लाल वळ होता, डॉक्टरांच्याही नजरेतून सुटलेला. आता तिथे खाच होती. माझं करंगळीचं पेर बुडेल इतकी खोल, चारी बाजूंनी सलग. कड स्वच्छ होती, आत्ता ओढल्यासारखी. मी स्वतःला म्हटलं, इलॅस्टिक. मऊ चरबीत इलॅस्टिक रुतलं. मग उजव्या मनगटाकडे पाहिलं. इलॅस्टिक त्यालाही होतं.

तेवढ्यात त्या खाचेत पाणी आलं. आतून, हळूहळू, कडेपर्यंत, आणि फेसाचा एक बुडबुडा तिथेच फुटला.

"हे कसलां गो, बाय?" पास्कू कधी वळला होता मला कळलं नाही. तो मनगटाकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ऱ्हाव दे. मी माती लोटतो. कोनाला काय दिसाचां न्हाय."

८

त्याने फावडं उचललंसुद्धा होतं. दोन मिनिटांचं काम होतं. ज्युलियस भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याला मागे वळायची इच्छाही नव्हती. मला त्या क्षणी पास्कूच्या पाया पडावंसं वाटलं, इतकी सुटका समोर दिसत होती.

मग मला माझं बंद दार आठवलं आणि हातातली किल्ली आठवली.

"ज्युलियस," मी हाक मारली.

"झाला काय?"

"इकडे ये. खाली बघ."

"नको गो बाय. मना न्हाय बघवत."

"बघ. मी सांगतेय ना."

तो आला. कडेला उकिडवा बसला. मी आयचा हात धरून वर केला आणि खड्ड्यात उभी राहून सगळं सांगितलं. रुमाल धुवायला पडला होता, तेही सांगितलं. वडा खाल्ला, तेही. पास्कू फावड्यावर हनुवटी टेकून दुसरीकडे बघत राहिला.

ज्युलियसने आयच्या मनगटाकडे पाहिलं. "मना सांगायचां," तो म्हणाला. "नसती झेपत तर सांगायचां. मी नेली असती आयला."

"नसती नेलीस."

त्याने ओठ चावला. "न्हाय," म्हणाला. "नसती नेली."

मला वाटलं, आता तो रडेल, नाहीतर मला शिव्या घालेल. दोन्हीला मी तयार होते. पण तो विचारात पडल्यासारखा आयच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"हाका मारल्या असतील तिने."

"मारल्या. शुभदाताईंनी ऐकल्या."

"कोनाला मारीत होती? तुला का मना?"

 तीन वर्षांत मी शुभदाताईंना ते कधी विचारलंच नव्हतं.

ज्युलियस उठला. पास्कूच्या हातातून फावडं घेतलं आणि मी वर आल्यावर स्वतः माती लोटायला लागला. माझ्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. मी थोडा वेळ थांबले, मग एकटीच फाटकापर्यंत चालत गेले आणि भाईंदरची बस पकडली.

९

जिना चढले तेव्हा अकराला पाच-सात मिनिटं कमी होती. माझ्या साडीला माती होती आणि हातांना तो वास. शुभदाताईंचं दार उघडं होतं, त्या उंबऱ्यात बसून भाजी निवडत होत्या. माझा अवतार बघून उठल्याच.

"अगं काय झालं? पार पडलं ना सगळं?"

"शुभदाताई, एक विचारू?" मी म्हटलं. "आय गेली त्या दिवशी मी आत नव्हते. मी शाळेत गेले होते. तिला तिथे बांधून."

त्यांच्या हातातली जुडी खाली पडली.

"ती हाका कोणाला मारत होती?"

 त्या बोलल्या तेव्हा मला जोडे मारल्यासारखं झालं, कारण त्यात राग नव्हता.

"तुलाच गं. पण हाका म्हणजे ओरडणं नव्हतं. 'रेचल, झालं माझं,' एवढंच म्हणत होत्या. 'झालं माझं, पूस मना.' पुन्हा पुन्हा. म्हणून तर मला वाटलं, तू तिथेच आहेस." त्यांनी माझ्या बंद दाराकडे बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. "आणि रेचल, हल्ली तुझ्याकडे दुपारी जी कोणी असते... ती पण तेच म्हणते गं."

मी दाराकडे वळले. शुभदाताईंनी मागून दंड धरला. "नको जाऊस. मी आमच्या ह्यांना बोलावते, थांब."

मी त्यांचा हात सोडवला. कुलूप उघडलं. आत पाऊल टाकलं तेव्हा बाथरूमच्या बंद दाराआड हवेची फुसफुस झाली आणि धार लागली.  मी कपाट उघडून जाड टॉवेल काढला, खांद्यावर टाकला आणि दारापाशी जाऊन उभी राहिले.

आत स्टूल सरकलं.

"आले गं आय," मी म्हटलं आणि कडी काढली.